खाज कमी झाली का, एवढंच सांगा

सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्ट बायोसायन्सेस या अमेरिकन कंपनीने आपल्या एका औषधाच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. औषधाचं नाव एफबी-४०१. निरोगी माणसांच्या त्वचेवरून मिळवलेल्या रोझिओमोनास म्युकोसा या जिवाणूचे तीन जिवंत वाण त्यात होते आणि इसब, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी एक्झिमा, झालेल्या त्वचेवर ते लावायचे होते. आजाराची तीव्रता निदान निम्म्याने उतरली तर यश, असं माप आधीच ठरलेलं होतं. जिवाणू लावलेल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी ते माप गाठलं. ज्यांना जिवाणूविना नुसतं प्लासिबो मिळालं होतं, त्यांच्यापैकीही साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी गाठलं. कंपनीने त्या औषधाचं काम थांबवलं.

तीन वर्षं मागे जाऊ. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, इयन माइल्स यांच्या गटाने हाच जिवाणू दहा प्रौढ आणि पाच मुलांवर वापरून पाहिला होता. प्रौढांनी साखरेच्या पाण्यात मिसळलेले जिवाणू कोपराच्या लवणीत आठवड्यातून दोनदा फवारायचे, असा तो प्रयोग. बहुतेकांचा त्रास निम्म्याहून अधिक कमी झाला. प्लासिबो कुणालाच दिलेलं नव्हतं, त्यामुळे तो जिवाणूमुळे कमी झाला की एरवीही झाला असता, हे सांगता येत नव्हतं. संशोधकांना हे ठाऊक होतं; पहिल्या टप्प्याच्या अभ्यासात मुख्यतः सुरक्षितताच पाहतात. बातम्यांना एवढा धीर नसतो.

आता पुढे. २०२४ मध्ये एनआयएचनेच कळवलं, की या जिवाणूवर आधारलेलं एक उत्पादन आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आहे. ज्या मोठ्या चाचणीत हा जिवाणू प्लासिबोसमोर उभा राहिला, तिचा निकाल वर सांगितलाच. त्यावर कुणी म्हणेल, की कंपनीने जिवाणू वाढवण्याची आणि साठवण्याची पद्धत वेगळी वापरली असेल, वाण वेगळे असतील. असतीलही. मग नव्या पद्धतीने वाढवलेला जिवाणू पुन्हा प्लासिबोसमोर उभा करायला हवा होता. तसं न होता तो थेट दुकानाच्या फळीवर गेला.

माझा वाद जिवाणूशी नाही आणि माइल्स यांच्याशी तर मुळीच नाही. त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास हा गेल्या वीस वर्षांतल्या वैद्यकशास्त्राच्या सर्वांत रंजक भागांपैकी एक आहे. वाद आहे तो पुराव्याच्या मापाशी. त्वचेवरच्या जिवाणूंची यादी बदलली, अमुक वाढला, तमुक घटला, ‘वैविध्य’ सुधारलं, ‘संतुलन’ आलं, एवढ्यावर क्रीम, सीरम, साबण आणि फवारे विकले जात आहेत. माझं म्हणणं असं, की यातलं काहीही आरोग्याचा पुरावा म्हणून चालता कामा नये. जो कुणी त्वचेच्या मायक्रोबायोमच्या, म्हणजे तिच्यावरच्या सूक्ष्मजीवांच्या वस्तीच्या, नावाने काही विकतो, त्याने प्लासिबोशी तुलना करून माणसाचा त्रास कमी झाल्याचं दाखवावं, नाहीतर आरोग्याची भाषा सोडावी.

हे म्हणणं कुणाला फार कडक वाटेल. ते तसं का असायला हवं, हे कळायला ही वस्ती नेमकी कशी आहे ते बघावं लागतं.

२००९ मध्ये एलिझाबेथ ग्राइस आणि ज्युलिया सेग्रे यांच्या गटाने दहा निरोगी माणसांच्या शरीरावरच्या वीस जागा तपासल्या. कपाळ, नाकाची बाजू, पाठ अशा तेलकट जागांवर आज ज्याला क्युटिबॅक्टेरियम म्हणतात त्या जिवाणूचं राज्य होतं. काख, कोपराची लवण, पायाची बोटं अशा दमट जागी स्टॅफिलोकॉकस आणि कोरिनेबॅक्टेरियम. हाताच्या पुढच्या भागासारख्या कोरड्या जागी सगळ्यांत मिश्र वस्ती. म्हणजे दोन परक्या माणसांच्या काखा एकमेकींना जितक्या सारख्या, तितकी एकाच माणसाची काख त्याच्याच मनगटासारखी नसते. बुरशांचं आणखी वेगळं: धडावर आणि हातांवर जवळजवळ सगळीकडे मॅलॅसेझिया, आणि पायावर, विशेषतः टाचेवर, बुरशांची जत्रा.

पुढे २०१६ मध्ये सेग्रे यांच्याच सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दोन वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं. ही माणसं अंघोळ करत होती, कपडे बदलत होती, लोकांत मिसळत होती. तरीही त्यांच्यावरची वस्ती बहुतांशी तीच राहिली, आणि जिवाणूंच्या वाणांपर्यंत खोल जाऊन पाहिलं तर ती ज्याची त्याची ओळखू येण्याइतकी वेगळी होती. बाहेरून काहीतरी चोळून ही वस्ती हवी तशी बदलता येईल, या कल्पनेला पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरा धक्का नाकावरच्या एका छिद्रात आहे. एमआयटीच्या टॅमी लिबरमन यांच्या गटाने नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांनी आणि ब्लॅकहेड काढायच्या साधनाने एकेका छिद्रातला ऐवज वेगळा काढला आणि त्यातल्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसची वंशावळ लावली. २०२२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की चेहऱ्यावर या जिवाणूचे अनेक वाण शेजारी शेजारी नांदतात, पण एका छिद्रात बहुधा एकाच पूर्वजाची प्रजा असते. जो आधी आत शिरला, छिद्र त्याचं. बाकीचे बाहेरच. तिथे ‘चांगले’ जिवाणू नेऊन वसवायचे, तर आधी त्यांना आत शिरायला जागा कशी मिळेल, हा साधा प्रश्न आहे. बाटलीवरच्या मजकुरात तो कधी दिसत नाही.

शिवाय ‘चांगला’ कोण? पिंपल्सच्या बाबतीत वर्षानुवर्षं क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसला खलनायक ठरवलं गेलं. नावातच ॲक्ने आहे. पण २०१३ मध्ये ४९ पिंपल्सवाल्या आणि ५२ स्वच्छ चेहऱ्याच्या लोकांची नाकावरची वस्ती ताडून पाहिली, तेव्हा हा जिवाणू दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात निघाला. फरक वाणांत होता. काही वाण पिंपल्सवाल्यांकडे जास्त, एक वाण स्वच्छ चेहऱ्यांकडे जास्त. म्हणजे एखाद्या उत्पादनावर नुसतं जिवाणूचं आडनाव छापलं, तर तो त्या घराण्यातला साधू आहे की गुंड, हे कळायला मार्ग नाही.

आणि ते लाडकं ‘वैविध्य’. आतड्याच्या अभ्यासातून आलेली ही कल्पना त्वचेवर जशीच्या तशी चिकटवली गेली आहे. इसब उफाळतो तेव्हा वैविध्य घटतं, हे खरं. पण निरोगी तेलकट कपाळावर ते मुळातच कमी असतं, आणि वय वाढतं तसं चेहऱ्यावर क्युटिबॅक्टेरियम घटून वैविध्य वाढतं, असं एकाहून जास्त अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा तारुण्य टिकवण्याचं वचन देणारं एखादं क्रीम त्याच दमात जिवाणूंचं वैविध्य वाढवल्याचा दावा करतं, तेव्हा ते त्वचेला नेमकं कोणत्या दिशेला नेतंय, असा प्रश्न विचारण्याचा मोह आवरत नाही.

हे सगळं मोजलं कसं जातं, त्यावर जरा थांबू, कारण बहुतेक दावे इथेच ढिले पडतात. ओलसर केलेला कापसाचा बोळा त्वचेवर काही वेळ घासतात. त्याला लागलेल्या ऐवजातून डीएनए काढतात. त्यातल्या १६एस नावाच्या जनुकाचा एक तुकडा वाचून कोणते जिवाणू आहेत ते ओळखतात. ऐकायला सरळ, पण त्वचेवर जिवाणूंचा ऐवज आतड्याच्या मानाने अगदीच थोडा. इतका थोडा, की प्रयोगशाळेतल्या रसायनांमध्ये आणि किटमध्ये आधीच असलेला परका डीएनए नमुन्यात मिसळून खऱ्या रहिवाशांसारखा दिसू शकतो. कोरा नमुना सोबत चालवून तो वजा केला नाही, तर यादीत पाहुणेच जास्त. त्यात १६एसचा कोणता तुकडा वाचायचा, यावरही निकाल फिरतो. आतड्यासाठी सोयीचा म्हणून रूढ झालेला व्ही-४ हा तुकडा वाचला तर क्युटिबॅक्टेरियम, म्हणजे तेलकट त्वचेचा मुख्य रहिवासी, नीट मोजलाच जात नाही. २०१६ मध्ये हे स्पष्टपणे दाखवलं गेलं, तरी त्यानंतरही तोच तुकडा वापरणारे अभ्यास निघतच राहिले.

सर्वांत अडचणीची गोष्ट २०२३ मध्ये पुढे आली. त्वचेच्या पृष्ठभागावर सापडणारा जिवाणूंचा डीएनए आणि तिथले प्रत्यक्ष जिवंत जिवाणू यांत मोठी तफावत आहे. पृष्ठभागावरचा बराचसा डीएनए मेलेल्या जिवाणूंचा असतो. जिवंत मंडळी मुख्यतः केसांच्या मुळांशी आणि छिद्रांत असतात. बोळा पृष्ठभागावर फिरतो. मेलेले जिवाणू असलेलं क्रीम आठवडाभर चोळून मग बोळा फिरवला, तर यंत्राला त्या जिवाणूचा डीएनए सापडणारच! त्यावरून काढलेला आधी-नंतरचा रंगीत आलेख म्हणजे लावलेलंच पुन्हा मोजणं.

बरं, समजा मोजणी निर्दोष झाली. इसबात काय दिसतं? अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार इसबाच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडतो. हायडी काँग यांच्या गटाने २०१२ मध्ये मुलांत पाहिलं, की आजार उफाळताना हा जिवाणू वाढतो, इतर मागे पडतात, आणि उपचारानंतर वस्ती पूर्ववत होऊ लागते. संबंध पक्का आहे. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ आली, की कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली?

या प्रश्नाला एक सुंदर कसोटी आपसूक मिळाली. ड्युपिलुमॅब हे इसबावरचं इंजेक्शन. ते जिवाणूंना हात लावत नाही. शरीराच्या दाह पेटवणाऱ्या दोन संदेशांची वाट अडवतं, बस्स. तरी ते घेणाऱ्यांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस घटतो आणि वैविध्य परत येतं. म्हणजे दाह शमला की वस्ती आपोआप सावरते. वस्तीचा बिघाड हा इथे निदान काही अंशी परिणाम आहे, कारण नव्हे.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाण्यातही अर्थ नाही. हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं, की स्टॅफिलोकॉकस ऑरियस व्ही-८ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतो आणि ते थेट मज्जातंतूंना चेतवून उंदरांत खाज उठवतं. दाहाच्या मध्यस्थीची त्याला गरजही पडत नाही. इसबाच्या रुग्णांकडून घेतलेले या जिवाणूचे काही वाण उंदरांच्या त्वचेवर लावले, तर तिथे इसबासारखा दाह उठतो. म्हणजे जिवाणू पूर्ण निर्दोषही नाही. आजार वस्ती बिघडवतो, बिघडलेली वस्ती आजार वाढवते, दोन्ही वाटा चालू असतात. यातली कोणती वाट कुठल्या रुग्णात किती रुंद आहे, हे उंदरावरून किंवा डीएनएच्या यादीवरून कळत नाही. माणसांत एक दोर ओढून बघायचा आणि दुसरं टोक हलतं का ते पाहायचं, यालाच क्लिनिकल चाचणी म्हणतात.

आणि दोर ओढल्यावर काय झालं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या रिचर्ड गॅलो आणि तेरुआकी नाकात्सुजी यांचं काम मला या क्षेत्रातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यांनी निरोगी त्वचेवर असा स्टॅफिलोकॉकस होमिनिस शोधला, जो ऑरियसला मारणारे पदार्थ स्वतःच बनवतो. त्याचा ए-९ हा वाण ५४ प्रौढ रुग्णांच्या हातावर एक आठवडा लावून पाहिला. काहींना जिवाणू, काहींना जिवाणू न मिसळलेलं नुसतं माध्यम, कोणाला काय ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०२१ मध्ये निकाल छापला. उपचार सुरक्षित ठरला. ऑरियस घटला. आणि इसबाची तीव्रता? एकूण रुग्णांत जिवाणूवाल्या गटाची त्वचा दुसऱ्या गटाहून सरस ठरली नाही. ज्यांच्या अंगावरचा ऑरियस ए-९ च्या माऱ्याला बळी पडणारा होता, त्यांना मागाहून वेगळं काढून पाहिलं, तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली.

या निकालातून पुढच्या चाचणीची दिशा मिळते: आधी रुग्णाच्या त्वचेवरचा ऑरियस तपासा, तो ए-९ ला बळी पडणारा असेल तरच त्याला चाचणीत घ्या. विज्ञान असंच पायरी-पायरीने चालतं. पण जाहिरातीला यातलं एकच वाक्य पुरतं, ‘ऑरियस घटला’. त्याच चाचणीत ऑरियस घटूनही सरासरी रुग्णाची त्वचा दुसऱ्या गटापेक्षा बरी झाली नव्हती, हे दुसरं वाक्य गळून जातं.

ऑरियस मारणं आणि रुग्ण बरा होणं ही एकच गोष्ट नाही, हे इतरत्रही दिसलं आहे. या जिवाणूची भिंत फोडणारं एंडोलायसिन नावाचं विकर, बाकीच्या जिवाणूंना धक्का न लावणारं, इसबाच्या रुग्णांना नेदरलँड्समध्ये बारा आठवडे देऊन पाहिलं. त्याने स्टेरॉइड मलमाची गरज प्लासिबोपेक्षा कमी झाली नाही.

आतापर्यंतचा त्यातल्या त्यात आशादायक निकाल बी-२४४ चा. हा नायट्रोसोमोनास, अमोनियावर जगणारा, मूळचा मातीतला जिवाणू. ५४७ प्रौढांवरच्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. शून्य ते दहाच्या खाजेच्या पट्टीवर जिवाणूवाल्यांची खाज सरासरी २.८ ने उतरली, प्लासिबोवाल्यांची २.१ ने. फरक खरा आहे, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला आहे. फरक ०.७ चा आहे. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत याच पट्टीवर चार गुणांची घट ही ठळक सुधारणा मानण्याचा प्रघात आहे, हे शेजारी ठेवून तो वाचावा. आणि त्यातली मला जास्त बोलकी वाटणारी संख्या २.१ ची आहे. नुसत्या माध्यमाने खाज एवढी उतरते! माणूस चाचणीत शिरतो तो आजार जोरात असताना. मग तो एरवीही थोडा ओसरतोच. रोज नेमाने काहीतरी लावलं जातं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करतं. म्हणूनच ‘मी हे लावलं आणि मला फरक पडला’ हे वाक्य खरं असूनही पुरावा ठरत नाही.

सिद्धान्त कितीही देखणा असला तरी तो चाचणीत आपटू शकतो, याचं त्वचारोगातलं सर्वांत मोठं उदाहरण मायक्रोबायोमचं नाही, मॉइश्चरायझरचं आहे. इसबाच्या मुळाशी त्वचेची कच्ची तटबंदी आहे, मग बाळाला जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर इसब टळेल, असा विचार होता. तर्क बिनतोड, सुरुवातीचे छोटे अभ्यास अनुकूल. मग इंग्लंडमध्ये १,३९४ नवजात बाळांवर बीप नावाची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: दोन वर्षांची होईपर्यंत मॉइश्चरायझरवाल्या २३ टक्के मुलांना इसब, न लावलेल्या २५ टक्के मुलांना. फरक नगण्य, आणि त्वचेचे संसर्ग मॉइश्चरायझरवाल्यांत किंचित जास्त. त्याच वर्षी नॉर्वे आणि स्वीडनमधल्या २,३९७ बाळांच्या चाचणीनेही इसब टळत नसल्याचंच सांगितलं. जन्मापासून वाहवा मिळालेल्या साध्या मलमाची ही गत, तर जिवंत जिवाणूंना बिनचाचणीचं प्रमाणपत्र कशाला द्यायचं?

बाजाराची गंमत वेगळीच. सौंदर्यप्रसाधन बाटलीत टिकावं म्हणून त्यात जंतू वाढू न देणारी द्रव्यं घालावी लागतात. त्यात जिवंत जिवाणू ठेवणं जवळजवळ अशक्यच. म्हणून ‘प्रोबायोटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक क्रीममध्ये मारलेल्या जिवाणूंचा अर्क किंवा आंबवलेल्या रसाचा अंश असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अशा अर्काने काहीच होत नसेल असं नाही. काहींवर अभ्यास आहेत. पण बाटली जो जिवंत वस्तीचा आव आणते, तो त्यात नसतो.

‘मायक्रोबायोमस्नेही’ या शिक्क्याला कायद्यात व्याख्या नाही. तो देणाऱ्या खाजगी संस्था आहेत आणि त्यांची मापं त्यांनीच ठरवलेली. युरोपियन संघाच्या ६५५/२०१३ या नियमानुसार प्रसाधनाच्या दाव्यामागे पुरावा असायला हवा. मात्र ‘संतुलन राखतं’ या दाव्याला कोणता पुरावा, हे तो सांगत नाही. अमेरिकेत प्रसाधनाला विक्रीपूर्व मंजुरीच लागत नाही. वस्तू ‘आजार बरा करते’ म्हणाली की ती औषध होते आणि चाचण्यांचं ओझं येतं. ‘त्वचेचं नैसर्गिक संतुलन जपते’ म्हणाली की ती प्रसाधन राहते. वाक्य जरा तिरकं लिहायचं, झालं काम. वाचणाऱ्याच्या मनात मात्र दोन्हीचा अर्थ एकच उमटतो, आणि तो तसा उमटावा म्हणूनच ते लिहिलेलं असतं.

हे सगळं आधी एकदा होऊन गेलंय. ‘जंतू मारा’ हा मंत्र होता तेव्हा ट्रायक्लोसान घातलेले साबण दशकानुदशकं विकले गेले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अशा १९ द्रव्यांना ग्राहकांच्या साबणांतून हद्दपार केलं, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि रोज दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांनी दाखवलं नव्हतं. आता मंत्र ‘जंतू जपा’ असा झाला आहे. मंत्र उलटा झाला, पुराव्याची सवय तीच.

‘लावलं तर बिघडलं काय?’ हा यावरचा नेहमीचा प्रश्न. बिघडतं. इसबाला सिद्ध उपचार आहेत. स्टेरॉइड मलमं नीट वापरली तर बहुतेकांना आराम पडतो. त्यांची अवाजवी भीती आधीच खूप आहे, आणि ‘नैसर्गिक जिवाणू’ हा शब्द त्या भीतीला आयता आसरा देतो. मूल महिनाभर रात्री खाजवत जागतं, आईबाप संतुलन येण्याची वाट बघतात. दुसरं, फुटलेल्या त्वचेवर जिवंत जिवाणू लावणं ही खेळण्यातली गोष्ट नाही. निरोगी त्वचेवर गुणाने राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि शरीरात नळ्या किंवा कृत्रिम सांधे बसवलेल्यांत गंभीर संसर्ग करतो, हे डॉक्टरांना रोजचं आहे.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. इतकी कडक अट घातली तर लहान गट, विद्यापीठं, नव्या कंपन्या यांना हे परवडणार नाही आणि चांगल्या कल्पना जन्मतःच मरतील. त्याला उत्तर आतड्याच्या क्षेत्रात आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या वारंवार उलटणाऱ्या जुलाबांवर निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडण्याची चाचणी झाली. जेमतेम ४३ रुग्ण. विष्ठा मिळालेल्या १६ पैकी १३ पहिल्याच खेपेत बरे झाले. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक नुसतं मिळालेल्या गटात १३ पैकी ४. फरक इतका ठळक, की चाचणी मुदतीआधी थांबवली. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये एफडीएने या धर्तीची दोन औषधं मंजूर केली. जिवाणूंचा उपचार खरोखर चालतो तेव्हा लहान चाचणीतही चालतो. फक्त समोर तुलनेचा गट हवा आणि मोजायचं ते रुग्णाचं दुखणं हवं. तिथे कुणी वैविध्याच्या आलेखावर यश ठरवलं नव्हतं. जुलाब थांबले आणि उलटले नाहीत, हे माप होतं.

त्वचेसाठी असं माप नव्याने शोधायचीही गरज नाही. इसबाच्या चाचण्यांत काय मोजायचं, यावर होम नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमत घडवून आणलं आहे. त्यातली पोएम ही प्रश्नावली पाहा. सात प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याचे: किती दिवस खाज सुटली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, त्वचा कोरडी वाटली. उत्तरांची बेरीज शून्य ते २८. भरायला दोन-चार मिनिटं. बोळा नको, यंत्र नको. जिवाणूंचा त्यात उल्लेखही नाही. जी कंपनी डीएनए वाचण्याचा खर्च करते, तिला हे सात प्रश्न दोन गटांना विचारणं न परवडण्याचं काहीच कारण नाही. ती विचारत नसेल, तर का, ते ग्राहकाने ओळखावं.

यात आणखी एक गोष्ट जोडायला हवी. डॉक्टर डोळ्यांनी पाहून जे गुण देतात, त्यांत लालीला मोठं वजन आहे, आणि गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही. आजार आहे त्यापेक्षा हलका नोंदला जातो. मायक्रोबायोमचे मूळ नमुनेही जगाच्या मोजक्याच भागांतून आलेले. म्हणून चाचणीत कोणत्या वर्णाची, कोणत्या वयाची माणसं होती, हे निकालासोबत ठळक छापलं पाहिजे. नाहीतर तो निकाल ज्यांना घेतलंच नाही त्यांनाही विकला जातो.

नियामकांकडून मागण्या फार नाहीत. मायक्रोबायोमचा उल्लेख असलेल्या प्रत्येक आरोग्यसूचक दाव्यासाठी नोंदवलेली, प्लासिबोसह केलेली चाचणी आणि रुग्णाच्या त्रासाचं माप. बाटलीवर जिवाणूचा पूर्ण वाण, आणि तो जिवंत आहे की मेलेला. अपयशी निकालही त्याच ठळकपणे जाहीर. एफबी-४०१ चा निकाल आपल्याला कळला, कारण फोर्ट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती आणि गुंतवणूकदारांना सांगणं तिला भाग होतं. शेअर बाजारात नसलेल्या, प्रसाधनं विकणाऱ्या कंपन्यांच्या कपाटांत असे किती निकाल पडून असतील, त्याचा पत्ता लागायची सोय नाही.

आणि रोझिओमोनासबद्दल. हा जिवाणू इसबावर वापरण्याचं काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत झालं आणि त्याच संस्थेच्या परवान्याने तो बाजारात गेला. तेव्हा आज विकल्या जाणाऱ्या त्याच स्वरूपात, त्याच वाणासह, त्याची प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी एनआयएचने स्वतः करावी: मुलं आणि प्रौढ दोन्ही, निदान सहा महिने, मुख्य माप पोएम, आणि निकाल काहीही येवो, तो उत्पादनाच्या वेष्टनावर छापण्याची अट परवान्यातच घालावी.